पन्नास रुपयांचा करार : आचार्य धर्मानंद कोसंबी

परीक्षांचे निकाल लागले, की आपल्या इंदूर शहरातील मराठी घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : आता पुढे काय? कोणी अभियंता व्हावयाचे ठरवितो, कोणी डॉक्टर, कोणी बँकेच्या परीक्षांची पुस्तके आणतो. एकदा मार्ग ठरला, की वडील मंडळींचा जीव भांड्यात पडतो. पुढे त्याच मार्गावरून कोणी मागे फिरला, तर घरात सुतक आल्यासारखे वातावरण होते. मार्गात अपयश आले म्हणून कोणी मागे फिरला, तर ते एक वेळ समजू शकते; परंतु यश हाती आलेले असताना, मान आणि वेतन दोन्ही वाढत असताना जो मार्ग बदलतो, त्याचे काय करावे हे भल्याभल्यांना उमगत नाही. अशाच एका पुरुषाची हकीकत येथे सांगावयाची आहे. महिना अडीचशे रुपयांची विश्वविद्यालयातील जागा समोर असताना त्याने महिना पन्नास रुपयांचा करार पत्करला. या पुरुषाचे नाव धर्मानंद कोसंबी. ज्ञानाच्या शोधात पुण्याहून काशीस जाताना, इ. स. १९०० मध्ये, ते उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर या वाटेने गेले होते. म्हणजे आपल्या या नगरीची धूळ त्यांच्या पायांना लागलेली आहे.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. घरात बोलावयाची भाषा कोकणी, शिक्षणाची आणि वाचनाची मराठी. प्रस्तुत लेखकाचे बालपणही अशाच दुभाषी घरात गेले असल्यामुळे या गोष्टीचे मोल त्याला अंमळ अधिक वाटते. चुलीपाशी एक भाषा आणि पुस्तकात दुसरी, यात गोव्याच्या मुलाला काहीच वावगे वाटत नाही. धर्मानंदांचे शालेय शिक्षण मात्र जेमतेम मराठी चार-पाच इयत्तांपर्यंत झाले. प्रकृती लहानपणापासून नाजूक. घरची नारळाची बाग होती, तिची देखरेख करावी, शहाळी-नारळांचा हिशेब ठेवावा आणि गावातच आयुष्य काढावे, असा त्यांच्या जीवनाचा आराखडा आधीच आखलेला होता. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचा बाळाबाईंशी विवाह झाला.

बागेची राखण करता करता हा तरुण मिळेल ते मराठी पुस्तक वाचीत असे. तुकोबांच्या गाथेने त्याच्या मनाला पहिले वळण लावले. पुढे १८९७ च्या सुमारास त्याच्या हाती 'बालबोध' नावाचे मासिक पडले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली मुलांसाठी सुरू केलेले हे मासिक त्या काळी मराठी घरांतून आवडीने वाचले जाई. त्यात भगवान बुद्धाचे एक लहानसे चरित्र आले होते. बालवाचकांसाठी लिहिलेली ती चार पाने! परंतु सांखवाळच्या त्या बागेत बसून ती वाचणाऱ्या तरुणाच्या मनाचा त्यांनी असा ताबा घेतला, की बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मूळ ग्रंथांतून मिळवावयाचेच, मग त्यासाठी काहीही सोसावे लागो, असा त्याने निश्चय केला. शाळेच्या वार्षिकात लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट आठवली, की मुलांसाठी लिहिताना लेखणी जरा जपूनच चालवावी असे वाटते. ती पाने कोणाच्या हाती पडतील याचा काय नेम?

१८९९ च्या अखेरीस कोसंबींनी घर सोडले. तान्ही मुलगी माणिक पाळण्यात होती. बाळाबाईंवर त्या वेळी काय प्रसंग गुदरला असेल, त्याची कल्पना करणे कठीण नाही. थोर पुरुषांच्या चरित्रांत गृहत्यागाचे प्रसंग मोठ्या कौतुकाने रंगविले जातात आणि मागे राहिलेल्या स्त्रीचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. कोसंबींच्या विद्येचे मोल सांगताना बाळाबाईंनी भरलेली किंमत त्यातून वजा करता येणार नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो. कारण पुढच्या हकीकतीत तिची आठवण पुन्हा पुन्हा येणार आहे.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. बौद्ध ग्रंथ समजावयाचे तर आधी संस्कृत पाहिजे आणि संस्कृत शिकावयाचे तर काशीस गेले पाहिजे, असे मनाशी ठरवून कोसंबी उत्तरेकडे निघाले. खिशात पैसा नाही, ओळखीचा माणूस नाही, इंग्रजीचा गंध नाही; अशा स्थितीत हा कोकणी तरुण माळव्यातून पुढे गेला. ग्वाल्हेर, प्रयाग असे करीत तो काशीस पोहोचला. तेथे अन्नछत्रात जेवावे, थंडीवाऱ्यात कुडकुडत रात्र काढावी आणि दिवसा गंगाधरशास्त्री व नागेश्वरपंत धर्माधिकारी यांच्यापाशी बसून व्याकरण घोकावे, असा क्रम चालला. १९०२ साली, संस्कृतची तयारी झाल्यावर, ते बुद्धाच्या जन्मभूमीजवळचा देश म्हणून नेपाळात गेले. तेथे त्यांची घोर निराशा झाली. स्तूप होते, पूजा होती, परंतु ज्या अध्ययनाच्या आशेने ते गेले होते ते तेथे सापडेना. मग गया, कलकत्ता असा प्रवास करून ते सिंहलद्वीपास गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात हिक्कडुवे सुमंगल महास्थविर यांच्या चरणी बसून त्यांनी पाली भाषेचे अध्ययन आरंभिले आणि तेथेच काषाय वस्त्रे धारण केली. तेथून पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी आपले अध्ययन व ध्यानाभ्यास चालू ठेवला. घर सोडल्याला एव्हाना सहा वर्षे होत आली होती.

येथे थोडे थांबून पाली भाषेविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर पुढे कोसंबींनी जे केले त्याचे मर्म ध्यानात यावयाचे नाही. बुद्धाचा उपदेश ज्या त्रिपिटक ग्रंथांत संगृहीत आहे ते पाली भाषेत आहेत. ही भाषा आपल्याच देशातली, संस्कृतची आणि आपल्या प्राकृत भाषांची सख्खी बहीण. मराठी माणसाने चार पाने लक्ष देऊन ऐकली, तर अनेक शब्द त्याला ओळखीचे वाटतील. परंतु पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत, सयामात सयामी अक्षरांत. लंडन येथे १८८१ साली स्थापन झालेली पाली टेक्स्ट सोसायटी हे ग्रंथ छापू लागली ती रोमन अक्षरांत. तेव्हा या शतकांच्या उलाढालीत चमत्कार असा झाला होता, की भारतात जन्मलेल्या धर्माचे ग्रंथ भारतीय माणसाला वाचावयाचे झाल्यास त्याने आधी परक्या देशाची लिपी शिकावी, किंवा इंग्रजी शिकून विलायतेहून पुस्तक मागवावे. देवनागरीत छापलेला पाली ग्रंथ ही त्या काळी अपूर्वाईची वस्तू होती आणि मराठीत तर बुद्धाविषयी मुळावरून लिहिलेले जवळजवळ काहीच नव्हते. कोसंबींनी सिंहली आणि ब्रह्मी लिप्या आत्मसात केल्या. त्या शिकताना, आपल्या गावच्या मराठी वाचकाला हे सर्व कधी वाचावयास मिळणार, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला.

१९०६ साली कोसंबी कलकत्त्यास आले. वंगभंगाविरुद्धच्या चळवळीने ते शहर त्या वेळी पेटलेले होते. सरकारी विद्यालयांवर बहिष्कार घालून देशी शिक्षण सुरू करावे या हेतूने राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली होती आणि १५ ऑगस्ट १९०६ रोजी तिचे राष्ट्रीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य अरविंद घोष. या महाविद्यालयात कोसंबींना पालीचे अध्यापक नेमण्यात आले. त्याच सुमारास त्यांनी काषाय वस्त्रे उतरविली. भिक्षूने द्रव्याला स्पर्श करू नये, माध्यान्हीनंतर अन्न घेऊ नये, असे विनयाचे कडक नियम असतात. सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात सारा समाज भिक्षूची काळजी वाहतो; येथे ट्रामने हिंडून शिकविणाऱ्या माणसाला ते नियम पाळता येणे दुरापास्त होते. भिक्षू म्हणून जन्म काढण्याचा मार्ग त्यांनी अशा रीतीने सोडला. मनाची फसवणूक करून नियम अर्धेमुर्धे पाळण्यापेक्षा वस्त्रे सरळ परत करणे त्यांना अधिक प्रामाणिकपणाचे वाटले असावे. त्यानंतर ते गोव्यास जाऊन घरच्यांना भेटले. पुढील वर्षी, ३१ जुलै १९०७ रोजी, त्यांना पुत्र झाला. आजोबांचे नाव त्याला ठेवण्यात आले. हाच पुढे गणितज्ञ आणि इतिहाससंशोधक म्हणून जगद्विख्यात झालेला दामोदर धर्मानंद कोसंबी.

कलकत्त्यात कोसंबींचे बस्तान उत्तम बसले. इंग्रजी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या माणसाकडे मोठमोठे विद्वान पाली शिकावयास येऊ लागले. अरविंदांचे वडील बंधू मनमोहन घोष आणि अनेक भाषांवर प्रभुत्व असलेले हरिनाथ दे यांच्यासारखी माणसे त्यांच्या विद्वत्तेवर लुब्ध झाली. कलकत्ता विश्वविद्यालयाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी हे गुणांचे मोठे पारखी. माणूस कोठला, त्याच्या नावापुढे पदवी आहे की नाही, याची फिकीर न करता विद्येची कदर करावयाची हा त्यांचा बाणा होता. त्यांनी कोसंबींना विश्वविद्यालयात पाली शिकविण्यास आणले. ज्याच्या पदरी मराठी चार-पाच इयत्तांपलीकडे परीक्षेचा कागद नाही, तो एम्. ए.च्या विद्यार्थ्यांना शिकवू लागला! आता या मार्गावर पुढेच जावयाचे होते. प्राध्यापकपद, ग्रंथालय, सहकारी विद्वान, स्थैर्य. गेल्या सात वर्षांत ज्याने अन्नछत्राच्या पंक्तीत बसून दिवस काढले, त्याला याहून अधिक काय हवे असणार?

नेमका याच वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा संबंध आला. विद्वानांना हुडकून काढून आश्रय देण्याविषयी सयाजीराव प्रसिद्धच होते. (आपल्या इंदूरजवळच्या महू येथे जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेस पाठविणारे हेच महाराज.) त्यांच्याशी जो करार ठरला तो असा : कोसंबींनी महाराष्ट्रात त्यांना आवडेल त्या गावी राहावे, बडोदे सरकार त्यांना दरमहा पन्नास रुपये तीन वर्षे देईल, त्यांनी दर वर्षी एक पुस्तक बडोद्यासाठी लिहून द्यावे. इकडे कलकत्त्याच्या विश्वविद्यालयाला हा अध्यापक गमवावयाचा नव्हता. तेथे राहिल्यास दरमहा अडीचशे रुपये देण्याची तयारी दाखविण्यात आली.

विद्यार्थ्यांनी हे गणित पाटीवर मांडून पाहावे. वर्षाचे एकीकडे तीन हजार, दुसरीकडे सहाशे. तीन वर्षांचे एकीकडे नऊ हजार, दुसरीकडे अठराशे. म्हणजे बहात्तर शेकडा रुपयांवर पाणी सोडावयाचे, आणि तेही ज्या काळी रुपयाला आजच्यापेक्षा कितीतरी वजन होते त्या काळी. शिवाय कलकत्त्याची जागा कायमची होण्यासारखी. बडोद्याचा करार तीन वर्षांत संपणारा. त्यानंतर पुढे काय, हे कोणीच सांगू शकत नव्हते. वय बत्तीस वर्षांचे. पदरी बायको आणि दोन मुले. व्यवहारी माणसाने या दोहोंतून कोणते निवडावे हे सांगण्यासाठी ज्योतिष्याची गरज नव्हती.

कोसंबींनी १९०८ साली कलकत्ता सोडले.

का सोडले? पैशाची त्यांना किंमत नव्हती, असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. ज्याने उपासमार सोसली आहे त्याला रुपयाची किंमत तुम्हा-आम्हांपेक्षा अधिक कळते. कलकत्त्याचे लोक वाईट होते म्हणावे, तर तसेही नव्हे. बंगाली मित्रांनी त्यांना जीव लावला होता. आशुतोष मुखर्जींविषयी त्यांच्या मनात आदरच होता. खरे कारण शोधावयाचे तर सांखवाळच्या बागेत, 'बालबोधा'च्या त्या चार पानांपाशी गेले पाहिजे. ज्या तरुणाला बुद्धाची पहिली ओळख मराठीतून झाली आणि त्यापलीकडचे अक्षरही मराठीत मिळेना म्हणून ज्याला घरदार सोडून समुद्रापार जावे लागले, त्याला आपल्या विद्येवर पहिला हक्क मराठी वाचकांचा आहे असे वाटत होते. दुसऱ्या तरुणाला पुन्हा अशी पायपीट करावी लागू नये, एवढीच त्यामागची साधी इच्छा. अडीचशे रुपये घेऊन ही विद्या बंगालच्या विद्यार्थ्यांना द्यावी, की पन्नास घेऊन ती महाराष्ट्रात आणावी, असा तो प्रश्न होता.

यावर एक शंका घेता येते आणि ती गैरवाजवी नाही. पुस्तके कलकत्त्यात बसूनही लिहिता आली नसती का? सुटीत चार महिने मराठीत लिहावे, एरवी प्राध्यापकी करावी. दोन्ही दगडांवर हात! परंतु पुस्तक लिहून ते वाचावयास माणसे तयार होत नाहीत. त्यासाठी माणसांतच जाऊन राहावे लागते. मुंबई विश्वविद्यालयाच्या अभ्यासक्रमात तेव्हा पालीला स्थान नव्हते. शिकणारे नाहीत म्हणून शिकविणारा नाही आणि शिकविणारा नाही म्हणून शिकणारे नाहीत, असा फेरा होता. तो तोडावयाचा तर कोणीतरी आधी येऊन बसावयास पाहिजे होते. कलकत्त्याकडे पाहिले, तर त्यांच्या जाण्याने तेथील पालीचा अभ्यास खुंटला नाही. पुढे वेणीमाधव बरुआंसारखा थोर पंडित त्या विश्वविद्यालयाला लाभला. पुण्या-मुंबईकडे त्या वेळी दुसरा कोणी येण्याची चिन्हे नव्हती. ही गोष्ट ध्यानी घेतली, म्हणजे कोसंबींचा निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नव्हता असे दिसून येते. आपल्यावाचून कोठे अडेल आणि कोठे अडणार नाही, याचा तो थंड डोक्याने केलेला हिशेब होता. एवढेच, की त्यात रुपयांचा रकाना त्यांनी शेवटी ठेवला.

महाराष्ट्रात आल्यावर त्यांनी लेखन आणि व्याख्याने सुरू केली. बडोद्यास दिलेली त्यांची व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली. बोजड शब्दांचा सोस नाही, पांडित्याचा आव नाही, जे सांगावयाचे ते सरळ सांगावे, अशी ती भाषा. डॉ. भांडारकर आणि कोसंबी यांच्या खटपटीने मुंबई विश्वविद्यालयात पालीचा प्रवेश झाला.

परंतु दैवाची गंमत पाहा. महाराष्ट्रात राहता यावे म्हणून ज्याने कलकत्ता सोडले, त्याला अवघ्या दोनेक वर्षांत महाराष्ट्रच काय, हिंदुस्थानही सोडावे लागले. अमेरिकेतील हार्वर्ड विश्वविद्यालयाचे प्राध्यापक जेम्स वूड्स हिंदुस्थानात आले होते. हार्वर्डमध्ये बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या महान पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांच्या १८९९ मधील निधनाने अर्धवट राहिले होते. ते पुरे करू शकेल असा पंडित वूड्सना कोसंबींमध्ये सापडला. १९१० साली कोसंबी अमेरिकेस गेले. सांखवाळचा बागाईतदार हार्वर्डमध्ये जाऊन बसला! काम जोरात चालले. मात्र ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कोणाचे नाव असावे या प्रश्नावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. आपल्या श्रमाचे श्रेय आपल्या नावाने मिळावे, एवढीच कोसंबींची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा १९१२ साली ते सरळ परत निघून आले. जो माणूस दरमहा दोनशे रुपयांचे नुकसान हसत सोसतो, तोच नावासाठी अडून बसतो, यात कोणाला विसंगती वाटेल. मला ती वाटत नाही. पैसा सोडणे आपल्या हाती असते. केलेले काम आपले नव्हे असे म्हणणे मात्र खोटे बोलणे होय.

परत आल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक झाले आणि १९१८ पर्यंत तेथे राहिले. कलकत्ता सोडताना मनात जे होते ते खऱ्या अर्थाने येथे घडले. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे विद्यार्थी तयार झाले. राजवाड्यांनी दीघनिकायाचे मराठीत भाषांतर केले. भागवतांनी पाली ग्रंथ देवनागरीत संपादित केले. बापटांची गणना पुढे बौद्ध विद्येच्या थोर अभ्यासकांत झाली आणि बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्यानिमित्त १९५६ साली भारत सरकारने जो ग्रंथ काढला त्याचे संपादन त्यांनीच केले. गुरूचे यश मोजावयाचे तर ते शिष्यांवरून मोजावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

१९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले. या खेपेस वडील मुले माणिक व दामोदर त्यांच्याबरोबर होती. बाळाबाई मात्र धाकट्या मुलींसह मागेच राहिल्या. ज्या तत्त्वासाठी कलकत्ता सोडले त्या तत्त्वाचा लाभ महाराष्ट्राला झाला, मुलांनाही विद्येचा लाभ झाला. पण बाळाबाईंच्या वाट्याला या साऱ्यातून काय आले? वर्षामागून वर्षे वाट पाहणे. १९२२ मध्ये परत येऊन कोसंबी गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात गेले. १९२६ मध्ये पुन्हा अमेरिका. १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उडी आणि कारावास. १९३१ मध्ये पुन्हा अमेरिका. नंतर काशी. मग १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, 'बहुजनविहार'. एका जागी स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावातच नसावे. तेव्हा कलकत्त्यास अडीचशे रुपये घेऊन ते राहिले असते, तरी किती वर्षे राहिले असते, हा प्रश्न कधी कधी माझ्या मनात येतो.

त्यांच्या ग्रंथांपैकी 'निवेदन' हे आत्मचरित्र (१९२४) आणि 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) हे दोन वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावेत. 'निवेदन' प्रवासवर्णनासारखे रंजक आहे. 'भगवान बुद्ध' मध्ये त्यांनी एक धाडसाचे प्रतिपादन केले आहे. म्हातारा, रोगी, मृतदेह आणि संन्यासी यांना पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. कोसंबींनी जुन्या पाली सुत्तांचा आधार घेऊन सांगितले, की ही कथा मागाहूनची आहे. शाक्य आणि कोलिय या शेजाऱ्यांत शस्त्रे उगारून होणारी भांडणे पाहून सिद्धार्थाला उद्वेग आला आणि त्याने घर सोडले. विद्वानांत यावर वाद होऊ शकतो. परंतु मराठी वाचकाला मराठीतच असा वाद करता येऊ लागला, ही गोष्ट १८९७ साली शक्य नव्हती. हा ग्रंथ पुढे साहित्य अकादमीने इतर भारतीय भाषांतही नेला.

४ जून १९४७ रोजी, देश स्वतंत्र होण्याच्या अवघे दहा आठवडे आधी, सेवाग्राम येथे धर्मानंदांनी देह ठेवला. त्यांच्या निधनानंतर गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. स्वतःची जाहिरात न करणारा विद्वान म्हणून त्यांच्याविषयी गांधीजींना फार आदर होता.

हार्वर्डमधल्या त्या 'विसुद्धिमग्गा'चे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. रोमन लिपीतील ती आवृत्ती निघता निघता १९५० साल उजाडले. तिच्यावर वॉरन यांच्या नावासोबत धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे. परंतु ते पाहावयास कोसंबी हयात नव्हते. तोच ग्रंथ कोसंबींनी संपादित केलेला, देवनागरी अक्षरांत, मुंबईच्या भारतीय विद्याभवनाने १९४० सालीच प्रसिद्ध केला होता. अमेरिकेतली प्रत निघण्यापूर्वी दहा वर्षे तो इकडच्या वाचकांच्या हाती आला होता आणि तो वाचावयास परक्या देशाची लिपी शिकावी लागत नव्हती.